बोकडाची माफी

केजच्या बाजारात शिलाई मशिनी दुरुस्त करणारे यहुदी काका यंत्राशीसुद्धा अदबीनं बोलतात. सुई मोडली तर आधी तिचीच समजूत काढतात. त्यांच्या सदऱ्याला तेलाचा मंद वास असतो. वर्षातून एकदा, क्षमेच्या उपासाआधी, ते दारोदार फिरून दुखावलेल्यांची माफी मागतात. सूर्यास्ताला उपास सुरू होतो. तोवर माफी मिळायलाच हवी.

यंदा त्यांनी एका मेंढपाळाच्या बोकडाला छत्रीनं मारलं होतं. मेंढपाळाकडं जाताना मीही त्यांच्याबरोबर गेले.

मेंढपाळ हसत म्हणाला, "मार त्यानं खाल्ला, काका. त्यालाच इचारा."

काकांनी टोपी सारखी केली, बोकडापुढं हात जोडले. "लई चुकलं, बाबा."

बोकडानं पाठ फिरवली. काका वळसा घालून पुन्हा समोर गेले. असं तीनदा झालं.

ऊन तांबूस होत चाललं होतं. मी म्हटलं, "काका, देव समजून घेईल."

"देवाची काळजी न्हाई, ताई. त्याची लई माया हाय. त्याच्याशी केलेला गुन्हा तो लगीच माफ करतो. पर ह्याला लागलेला मार तो कसा माफ करील?"

मेंढपाळाचं हसू विरलं. खाली बसून त्यानं बोकडाची मान हलकेच झुकवली.

"मिळाली!" काका म्हणाले, आणि उपाशी राहायला आनंदानं घराकडं निघाले.