सदतीस नंबरचं रक्त

पनवेलात निकाह असो नाहीतर बाळाचा अकिका, गुळाची सांदणं हवीत ती जमिलाच्याच हातची. आणि नेमका तिलाच डायबेटिस! लोकांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "करता करता चाखत असणार," असं जो तो म्हणे. नवरा मुनाफ कुवेतहून कायमचा परतला, तो जणू घरातले डबे तपासायलाच.

खरं तर डायबेटिस झाल्यापासून आठ वर्षांत या बाईने गोडाचा कण जिभेवर ठेवला नव्हता. गूळ दर खेपेला वेगळा, तरी नुसत्या मापाच्या भरवशावर सांदणं वाफवायची. भात सोडला, बिनसाखरेचा चहा गिळला. रिपोर्टातला आकडा काही उतरेना. वैताग वैताग झाला होता तिला.

एका इस्पितळात मधुमेह्यांच्या रक्तपेशींवर संशोधन चाललं होतं. तिथे तिने रक्त दिलं. महिन्याने डॉक्टर प्रांजलने समजावलं, "मावशी, तुमच्या रक्तात इन्सुलिन भरपूर आहे. पण ते पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं तरच काम करतं. रिसेप्टर म्हणजे दार समजा. निरोगी माणसांपेक्षा तुमच्या रक्तपेशींवर ही दारं बरीच कमी आहेत. अंगातल्या बाकी पेशींतही असाच घोळ असणार. इन्सुलिन बाहेरच ताटकळतंय."

"म्हंजे गोड न खाताही साखर चढते?"

"चढू शकते."

"मग तेवढं लिहून द्या मला!"

कागद मिळाला, पण त्यावर नाव नव्हतं. संशोधनात नाव लिहायचं नाही, असा नियम. नुसता नंबर, सदतीस.

घरी मुनाफने कागद उलटसुलट केला. "यावर तुझं नाव कुठाय? सदतीस नंबर कुणीही असेल."

जमिलाचं डोकंच फिरलं. स्वतःचं रक्त देऊनही हिची साक्ष खोटीच! ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. उलवे गावातल्या एका लग्नाची सांदणं व्हायची होती, रडत बसायला वेळ कुणाला होता?

मागोमाग मुनाफ आला. पहिल्या घाण्यातलं एक सांदण तोंडात टाकून त्याने नाक मुरडलं. "गूळ किती कमी! हल्ली तुझ्या हाताला चवच राहिली नाही. मागच्या वेळी लोकपण हेच बोलत होते."

"आठ वर्षांपूर्वी कधी चुकला होता माझा गूळ?"

"नाही, तेव्हा अगदी बरोबर असायचा," मुनाफ म्हणाला.

"तेव्हा चाखत होते," जमिला म्हणाली आणि पिठाचं पातेलं तिने त्याच्यापुढे सरकवलं. "घ्या. आता तुम्ही चाखा."