कोहमाऱ्याचा रेडिओ आणि देवरामची तार

माझा साळा देवराम यानं आयुष्यात एकही रानडुक्कर मारलेलं नाही.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय, पण ठाऊक आहे मला सहा वर्षांपासून. देवराम अंडंसुद्धा खात नाही. तरी आमच्या केशोरीकडच्या चार गावांत त्याच्या नावावर वीज सोडून मारलेलं एक डुक्कर जमा आहे. माझी पत्नी सुमन, म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण, त्या डुकरावरून त्याला भर अंगणात नाही नाही ते बोलली, आणि तेव्हापासून तो भाऊबीजेला आमच्या घरी आलेला नाही. सहा भाऊबिजा! दरवर्षी ती पाट मांडते, चार वेळा दारापर्यंत जाऊन येते आणि शेवटी चंद्राला ओवाळते. मी आत पेपर तोंडासमोर धरून बसतो. या प्रकरणातलं डुक्कर कोण, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

मी निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं, आणि एवढ्या काळात माझी एक ठाम समजूत झाली की जगात मला कळत नाही असं काही उरलेलं नाही. त्या समजुतीला पहिला तडा एका रेडिओनं दिला.

मोटारीच्या बेअरिंगसाठी मी आणि देवराम त्याच्या गाडीवर कोहमाऱ्याला गेलो होतो. हायवेवरच्या एका धाब्यामागे एक माणूस जुनं सामान विकत बसायचा. ट्रकचे हॉर्न, फुटके आरसे, ताडपत्र्या, आणि त्यांच्यात खाली दबलेला एक शॉर्टवेव्ह रेडिओ! चांगला भारी, परदेशी, चामड्याच्या पट्ट्याचा. तरुणपणी असा रेडिओ घेण्याची माझी ऐपत नव्हती. आता ऐपत होती आणि अक्कल गेली होती.

"चालू है क्या?" मी नाक मुरडून विचारलं.

"चालू? गुरुजी, सात समंदर पार का पकड़ता है."

जुना रेडिओ कसा तपासावा हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती, कारण मला ते अजिबात येत नव्हतं. मी तो हलवून पाहिला, कानाशी धरला, वासही घेतला. (खरबूज घेताना घेतात तसा.) देवरामनं मात्र मागचं झाकण उघडून सेलच्या स्प्रिंगा पाहिल्या, काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि म्हणाला, "भाऊजी, माल चांगला दिसून रायला जी."

मी त्याला कोपर मारलं. विकणाऱ्यासमोर माल चांगला म्हणतात? असल्या भोळ्या माणसांमुळेच महागाई वाढते! मग मी स्वतः त्या रेडिओची निंदा सुरू केली. रंग वाईट, पट्टा वाईट, आवाज वाईट (अजून लावलाच नव्हता). दोन हजारांवरून त्याला सातशेवर आणला. तो माणूस थकून म्हणाला, "ले जाओ. बस एक बात सुन लो गुरुजी, पीछे एक छोटा बटन है, उसको..."

"मुझे मत सिखाओ!" मी कडाडलो. "मैं मास्टर हूँ!"

"तो ठीक है, मास्टरजी," असं म्हणून त्यानं पैसे मोजले.

परतीच्या वाटेवर मी देवरामला घासाघीस कशी करावी यावर तासभर व्याख्यान दिलं. तो गाडी चालवत होता, त्यामुळे त्याला पळून जाता येत नव्हतं.

घरी रेडिओ लावला. खर्रर्र!

"भजे तळल्यावानी आवाज येऊन रायला," सुमन म्हणाली.

"तो बाहेरच्या देशांचा आवाज आहे," मी म्हणालो. "आणि मध्ये हा जो व्यत्यय येतोय, तो तुमच्या विजेच्या वस्तूंचा."

मग मी व्यत्यय दूर करायला निघालो. टीव्ही बंद केला. खर्रर्र! बल्ब बंद केले, चार्जर काढले. खर्रर्र! इन्व्हर्टर, पंखा, शेवटी फ्रिज. सुमन घामानं निथळत चुलीपुढे उभी होती. "अजी, आता मीच रायली," ती म्हणाली. "मले कोन्या बटनानं बंद करता?"

तेवढ्यात देवराम आला. "भाऊजी, मी मांगच्या बाजूनं उघडून पाहू का जरा? तो कोहमाऱ्यावाला..."

"हात लावायचा नाही!" मी रेडिओ पोटाशी धरला. "मोटारपंप नाही हा!"

मग मला आठवलं, शॉर्टवेव्हला लांब तार बांधावी लागते. आठवलं हे फार वाईट झालं. गावात तार बांधून उपयोग नव्हता, कारण गावभर विजेचा कचरा. म्हणून मी जंगलाला लागून असलेलं माझं शेत निवडलं. तार वास्तविक उंच मोहाच्या झाडावर चढवायची असते. पण तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माझे गुडघे त्याहून मोठे होते. तेव्हा मी तार गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधायचं ठरवलं. बांबूच्या खुंट्या ठोकल्या. तार ओल्या खुंटीला टेकू नये म्हणून प्रत्येक खुंटीवर काचेची बाटली उपडी घातली. बाटल्या पानठेल्यामागून वेचून आणल्या. (कोणी पाहिलंच तर "स्वच्छता!" असं ओरडायचो.) आणि सरळ मोकळी जागा मिळावी म्हणून जंगलाकडच्या बांधानं, म्हणजे धुऱ्यानं, थेट बोडीच्या तळ्यापर्यंत तार नेली. तिथं झाडोरा अजिबात नव्हता. का नव्हता, याचा विचार करायला माझ्याकडे वेळ नव्हता. रानडुकरं रोज त्याच वाटेनं बोडीवर पाणी प्यायला जातात, म्हणून नव्हता.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गुडघ्याएवढी तार, बांबूच्या खुंट्या, खुंट्यांवर बाटल्या आणि वाट डुकरांची, याचा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. चोरून वीज सोडायची आणि शिकार करायची! असल्या तारेनं डुकरं मरतात, गुरं मरतात, कधी माणूसही जातो. आणि हे सगळं मी पंधराच दिवसांपूर्वी गावच्या वनसमितीच्या सभेत, शेजारी वनरक्षक साहेबांना बसवून, टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. कारण वनसमितीचा अध्यक्ष मीच होतो. "जो तार लावील तो गावाचा शत्रू!" हे माझंच वाक्य. टाळ्या भरपूर पडल्या होत्या.

तार मोटारीच्या खोलीत आणून रेडिओला जोडली आणि काय आश्चर्य, एक स्टेशन लागलं! कुठल्या देशाचं, कुठल्या भाषेत, हे मला आजतागायत माहीत नाही. एक माणूस संथपणे काहीतरी सांगत होता, बहुतेक कांद्याचे भाव. मी तीन दिवस डोळे मिटून, मान डोलावत ते ऐकलं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवायला निघताना रेडिओ पिशवीत टाकून घरी नेला, कारण सातशेची वस्तू शेतात कोण ठेवतो? तारेचं उघडं टोक तेवढं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. खिळा मोटारीच्या स्टार्टरला अगदी खेटून होता. म्हणजे रेडिओ गेला, आणि मागे उरली बाटल्यांवरून आलेली, विजेच्या पेटीशी लोंबणारी तार. पुरावा याहून नीट मांडता आला नसता!

माझं शेत देवराम वाहायचा. तो मोटार सुरू करायला आला, तार पाहून चक्रावला, आणि 'हे का होय' म्हणून त्यानं ते टोक हातात घेतलं. नेमके त्याच वेळी वनरक्षक साहेब एकेक बाटली मोजत दारात येऊन उभे राहिले.

पंचनाम्यासाठी प्रतिष्ठित माणूस हवा म्हणून मला जेवणावरून बोलावणं आलं. मी हात धुऊन तसाच गेलो. मला पाहताच देवरामचा जीव भांड्यात पडला.

"या भाऊजी," तो म्हणाला. "सांगा जी साहेबायले."

"गुरुजी, तुमच्याच शेतात?" साहेब म्हणाले. "कोणी लावली ही तार?"

सभेतल्या टाळ्या माझ्या कानात वाजल्या. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "शेत तर सगळं देवरामच पाहतो."

यात खोटं काय आहे? काही नाही! चौतीस वर्षं भाषा शिकवल्याचा हाच फायदा. ज्यात खोट्याला बसायला जागा नाही असं वाक्य मला रचता येतं, आणि त्याच वाक्यात दुसऱ्या माणसाला बसवता येतं.

देवरामच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. साहेबांनी तार पाहिली. वीज जोडलेली नव्हती. धुरा पाहिला. रक्त नाही, केस नाहीत. ते गोंधळले.

"मग कायले लावली रे तार?"

देवराम माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कायलेच नाई जी. असीच."

साहेबांनी लिहिलं, 'तार विनाकारण लावलेली आढळून आली.' पंच क्रमांक एक म्हणून खाली मी झोकदार सही केली.

त्याला संध्याकाळपर्यंत वनखात्याच्या कचेरीत बसवून ठेवलं, मग तंबी देऊन सोडलं. तार जप्त झाली. तो घरी पोचतो तो दारात चार जण पिशव्या घेऊन उभे.

"मामा, आमचा वाटा?"

"कायचा वाटा?"

"डुकराचा."

"अरे, डुकरच नाई मेलं!"

"पुरं एकट्यानं खाल्लं का जी?"

दुसऱ्या दिवशी तो आमच्या अंगणात आला. मला वाटतं, मी काही बोलेन म्हणूनच आला होता. पण बोलली सुमन. "लाज नाई वाटली तुले? अध्यक्षाच्या शेतात तार? यायनं तुले शेत देल्लं, अन् तू यायचंच नाक कापतं? पुन्हा या घराची पायरी चढू नको!"

देवरामनं माझ्याकडे पाहिलं. मी छपराची कवेलू मोजत होतो. अंगणाच्या बाजूला त्रेचाळीस आहेत, त्यातलं एक फुटकं.

रेडिओ मी धानाच्या कोठीत तळाशी गाडला. या दिवाळीच्या तोंडावर सुमननं कोठी झाडायला काढली, आणि भुश्यातून चामड्याचा पट्टा वर आला.

"हा इथं का करून रायला?"

मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच ओरडली नाही. फक्त म्हणाली, "उठा. चपला घाला."

देवराम ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ पाखडत होता. मी उभ्यानंच म्हणालो, "देवराम, ती तार माझी होती."

"मालूम हाय जी," तो सूप न थांबवता म्हणाला. "मी नाई लावली, त तुमीच लावली असान ना. तिसरा कोन हाय त्या वावरात? डुकर?"

"मग साहेबांना बोलला का नाहीस?"

"माज्या सुमनबाईचं घर होय ते. मी बोललो असतो, त तुमची अध्यक्षी गेली असती, अन् बाईले गावात मान खाली घालून फिरा लागलं असतं. तुमी सोताच सांगान म्हून वाट पायली. पयल्या वर्सी लय पायली." मग त्यानं सूप खाली ठेवलं. "येतो मी भाऊबीजेले. पन गावाले बी सांगा. तोंडानं नाई हो! तोंडानं तुमी लय चालाक हाव. लिहून द्या."

म्हणून हे लिहिणं. एक प्रत गावच्या वाचनालयात दिली आहे. अध्यक्षपद आधीच गेलं होतं (वयामुळे, असं मी सांगतो), त्यामुळे राजीनाम्याचा मोठेपणासुद्धा मिळाला नाही.

पुढचं नंतर जोडतोय. भाऊबीजेला देवराम आला. सुमननं ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता इतकी रडली की निरांजन विझलं. मग डोळे पुसून तिनं रेडिओ त्याच्यापुढे आदळला. "हे घेऊन जाय. नाईतर बोडीत फेक."

देवरामनं नवे सेल टाकले, रेडिओ उलटा केला आणि पाठीमागचं उडदाएवढं बटन नखानं सरकवलं.

अंगण भरून गेलं! एक बाई गात होती, काटा जरा सरकवला की कोणी बातम्या देत होतं, पुढे कोणी हसत होतं. खर्र नाही, सूं नाही. फ्रिजही चालू होता.

"दोन खुणा हायेत जी," देवराम म्हणाला. "एक जवळची, एक दूरची. हे जवळच्यावर होतं. कोहमाऱ्याचा तो मानूस हेच सांगून रायला होता, तुमी आयकूनच नाई घेतलं."

"आणि तार?" मी विचारलं.

"तार लागतच नोती जी."

सहा वर्षांनी मला त्या पंचनाम्यातलं वाक्य आठवलं. 'तार विनाकारण लावलेली आढळून आली.' अख्ख्या कागदात तेवढंच एक वाक्य खरं होतं, आणि त्याखाली सही करताना मी साहेबांच्या अज्ञानाला मनातल्या मनात हसलो होतो!