उसाच्या गाड्या आणि संदर्भसूची

नगरच्या आमच्या कॉलेजात माझ्या वाणिज्य विभागाला दर्शनी खोली होती. संख्याशास्त्राचे एकमेव प्राध्यापक जिन्याखाली बसत. ते माझे मित्र. चहा आम्ही रोज एकत्र घ्यायचो, पण एकमेकांच्या विषयाचे पुस्तक कधी उघडले नव्हते.

एकाहत्तरच्या गळीत हंगामात एका रविवारी आम्ही दोघे राहुरीकडे गेलो होतो. साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्या लांबवर रांगेत खोळंबल्या होत्या. ऊस वाळत होता. मित्रांनी एका गाडीवानाला विचारले, "किती वेळ झाला?"

"कालपासनं हाय हितं. तुमी मोजायला आलाय व्हय? मग बैलांना इचारा. त्यांनी लई नीट मोजलंय."

परतताना एसटीत मित्रांनी वहीच्या पानावर आकडे मांडले. टेलिफोनचे कॉल किती वेळ अडकून पडतात हे काढण्याची एक जुनी रीत त्यांच्या शास्त्रात होती. ती गाड्यांनाही लागू पडेल, असे ते म्हणाले आणि पान मला दिले.

मी त्यावर वाणिज्याच्या एका नियतकालिकासाठी लेख लिहिला. शेवटी त्यांचे नाव आणि त्यांनी सुचवलेले पुस्तक घातले. आमच्या विभागप्रमुखांनी दोन्हींवर रेघ ओढली.

"संदर्भ आपल्या विषयातले द्यावेत. बाहेरचे दिले की आपल्याला आपलाच विषय येत नाही असं दिसतं."

तसा शिरस्ताच होता. मी लेख तसाच पाठवला.

छापून आलेला अंक मित्रांनी उभ्यानेच वाचला. "गाड्या आल्या, बैलसुद्धा आले. अहो, मीच तेवढा फाटकाबाहेर राहिलो." मग त्यांनी चहा मागवला. पुढच्या अंकात दुरुस्ती देतो, असे मी म्हणालो. म्हणालो, इतकेच.

दीड वर्षाने ते काविळीने गेले. आठवड्याभरात.

त्यांच्या जागी आलेल्या तरुण प्राध्यापकांनी वर्गासाठी टिपणे काढली. त्यांत रांगांच्या प्रकरणाला आधार म्हणून माझा लेख होता. मित्रांचा विषय स्वतःचीच गोष्ट माझ्या नावाने शिकत होता.

मी त्यांना सगळे सांगितले.

"छापील आधार आहे का, सर?"

माझ्याकडे वहीचे ते पान होते, मित्रांच्या अक्षरातले. ते मी टिपणांना टाचून दिले.

पुढल्या वर्षी टिपणे नव्याने निघाली. पान त्यांत नव्हते. नाव माझेच होते.