न मोडणारी काठी

आमच्या घरात टांग्याच्या दांड्या घडत. घोड्याच्या दोन्ही अंगांनी ज्या लांब दांड्या जातात, त्या. सोलापुरातल्या निम्म्या टांग्यांना आमच्याच दांड्या आहेत असं वडील छाती फुगवून सांगत, आणि मीही सांगत असे. लाकूड धामणीचं. धामण वाकते पण तुटत नाही. घोडं उधळलं आणि दांडी मोडली, तर तिचं अणकुचीदार टोक घोड्याच्या पोटात जातं, कधी माणसाच्याही. म्हणून आमच्या दारात एक काळा दगड होता. तयार झालेली दांडी वडील त्या दगडावर जीव खाऊन आपटत. मोडली तर चुलीत, टिकली तर गिऱ्हाइकाला. न मोडणं हा आमच्या घरचा धर्मच होता म्हणा ना.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून फार काळ झाला नव्हता. हातात काठी घेऊन रस्त्यानं जायला माणसं अजून कचरत. अशात एका दुपारी माझे दाजी धोतरात गुंडाळलेली काठी काखोटीला मारून दारात उभे राहिले, तेव्हा मी त्यांना आधी आत ओढलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साहेबलोकांच्या क्लबात ते मार्कर होते. बिलियर्डच्या टेबलाशी उभं राहून गुण मांडायचे, काठ्या पुसायच्या, साहेबाच्या हातात द्यायच्या, हे त्यांचं काम.

गुंडाळलेलं धोतर उलगडलं तर आत बिलियर्डची काठी. सोलापूरच्या उन्हानं पार वाकली होती.

"क्लबात एवढी एकच राह्यली," दाजी म्हणाले. "एक साहेब हाय. नेम चुकला की काठी टेबलाच्या कडेवर हाणतो. मोडली की गार होतो बघ. हसतो बी. मी तुकडे उचलतो आन दुसरी देतो."

"मग आता?"

"आता म्हनतो, मोडनार न्हाय असली आन. न्हायतर तू बी जा."

जा म्हणजे नोकरी गेली, आणि क्लबामागची खोलीही. साहेबानं काढलेल्या माणसाला त्या दिवसांत कोणी दारात उभं करत नसे. काढलं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असंच सगळे धरून चालत.

दाजींच्या मागोमाग अक्काही आली होती. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "साधीच करून दे की रे. मोडली तर मोडू दे. काठीच की ती."

मला राग आला. "आमच्या हातनं मोडनारी वस्तू जात न्हाय," मी म्हणालो. "तू तुजी चूल बघ." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल तेव्हा माझाच होता.

चुलीवरच्या माळ्यावर वर्षानुवर्षं धूर खाऊन मुरलेलं धामणीचं लाकूड मी खाली काढलं. रंधा मारमारून मुठीकडे जाड, टोकाला बोटाएवढं बारीक केलं. मुठीत शिसं ओतलं. टोकाला म्हशीच्या चामड्याचा तुकडा सरसानं चिकटवला. एक डोळा मिटून पाहिलं तर काठी दोऱ्यासारखी सरळ. खरं सांगतो, मी त्या काठीच्या प्रेमातच पडलो. दांडी कितीही चांगली केली तरी शेवटी तिला घोड्याचा घाम लागायचा. ही काठी मात्र दिव्याखाली, हिरव्या कापडावर राहणार होती.

वडिलांनी ती दगडावर आपटली. तडा नाही, ओरखडा नाही. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. ते मात्र काठीकडे न बघता स्वतःचं मनगट चोळत राहिले.

"काठीला काय झालं न्हाय," म्हणाले. "हात मातर झिणझिणतोय."

मी तेच कौतुक समजलो आणि काठी दाजींच्या हाती दिली.

पुढचे काही दिवस साहेब जिंकत होता. दाजी खुशीत सांगत, पण मधेच थांबत. साहेब खेळता खेळता काठी गुडघ्यावर वाकवून बघतो, आणि ती सरळ झाली की तिच्याकडे बघतच राहतो, असं म्हणत. अक्का हे सगळं ऐकून घ्यायची. जिंकतोय तोवर बरं, एवढंच बोलायची. तिचं ते बोलणं मला अपशकुनी वाटे.

एके दिवशी सांजवातीच्या सुमारास ती अनवाणीच पळत आली. साहेब हरला होता. त्यानं काठी टेबलाच्या कडेवर हाणली, मोडली नाही. पुन्हा हाणली, टेबलाचाच टवका उडाला. बाकीचे साहेब हसले. दाजी नेहमीच्या सवयीनं तुकडे उचलायला हात पुढे करून उभे होते. तिसरा तडाखा त्या हातावर बसला, आणि मग आणखी बसले.

"काठी मोडली न्हाय रे," अक्का म्हणाली.

दाजींच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली ती कायमची. हाडवैद्यानं हात टेकले. गुण मांडता न येणारा मार्कर क्लबाला नको होता. खोली गेली आणि दोघं आमच्याकडे राहायला आली. जेवताना मी त्या हाताकडे पाठ करून बसे.

मग क्लबाचा चपराशी आला. साहेबाला काठी फार पसंत पडली होती. तसल्याच आणखी चार हव्या होत्या. मी हातातला लाकूड तासायचा वाकस त्याच्या टाळक्यात घालणार होतो. आतून दाजी म्हणाले, "घे की काम. घरात खानारी तोंडं वाढली आता." असा मी बिलियर्डच्या काठ्यांच्या धंद्यात आलो.

मी चार नाही, पाच काठ्या केल्या. या वेळी धामण मुठीच्या वर मुद्दाम कापली आणि काळ्या शिसवीची मूठ खाचेत बसवली. सरस पातळ लावला, अगदी नावापुरता. काळ्या-पिवळ्या लाकडाचा तो सांधा दिसायला देखणा होता. आजही गिऱ्हाइकं त्याच्यावरून बोट फिरवतात.

पाचवी काठी मी काळ्या दगडापाशी ठेवली. वडिलांनी तोंड फिरवलं. आमच्या घरात मोडण्यासाठी म्हणून कधी काही घडलं नव्हतं. दाजी बाहेर आले. त्यांनी डाव्या हातात काठी धरली आणि दगडावर हाणली. पहिल्याच फटक्यात ती सांध्यावर मोडली.

त्यांनी दोन्ही तुकडे उचलून नीट पाहिले.

"आता दे," म्हणाले. "तितं नवा मार्कर आलाय."