हजेरीच्या पट्ट्या

मी शिक्षिका होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मिरजगावपासून दोन कोसांवरच्या एका गावात आमची चौथीपर्यंतची शाळा होती. एक दिवस तालुक्याहून कागद आला, मुलं गैरहजर का राहतात ते कळवा. हेडमास्तरांनी तो माझ्याकडे सरकवला.

"लिहा बाई, मिरजगावचा बाजार. आठ वर्षं मी तेच लिहितोय."

हजेरीबुक पाहिलं, तर बाजाराच्या दिवशी गैरहजेरी जास्त होती हे खरंच. पण बाजाराला गावातल्या सगळ्याच घरची माणसं जात. मग निम्म्याहून अधिक पोरं त्या दिवशी हमखास हजर कशी?

पंचायत समितीत आकडेवारी बघणारे एक कारकून होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. नुकतेच ते जनगणनेच्या कामातून मोकळे झाले होते. मी तालुक्याला मीटिंगला गेले तेव्हा त्यांना अडचण सांगितली.

"हजेरीबुकात नावं जखडलेली असतात. ती आधी सुटी करा," ते म्हणाले आणि एक कोरा कागद घेऊन कातरीने त्याच्या पट्ट्याच पाडू लागले. "एका मुलाची एक पट्टी. तिच्यावर नाव, इयत्ता, घर कुठं, आणि सहा वारांचे सहा चौकोन. ज्या वारी गैरहजर, त्या चौकोनात फुली. मग पट्ट्या हव्या तशा लावून बघा. कशानं तरी फुल्या एका जागी गोळा होतील. नाही झाल्या तर विस्कटा, पुन्हा लावा."

पट्ट्या कापण्यात आणि भरण्यात चार दिवस गेले. शाळा सुटल्यावर सारवलेल्या जमिनीवर मी त्या मांडल्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक चिंचोका. इयत्तेप्रमाणे लावल्या, फुल्या सगळीकडे. मुलं वेगळी, मुली वेगळ्या केल्या, तरी तेच. गुडघे दुखायला लागले. मग घरांप्रमाणे लावायला घेतल्या आणि मी थबकलेच. बाजाराच्या चौकोनातल्या जवळजवळ सगळ्या फुल्या ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या अकरा पट्ट्यांवर होत्या!

हेडमास्तरांना हाक मारली. ते चष्मा लावून उकिडवे बसले. अकराही पट्ट्या एकेक करून बोटानं मोजल्या.

"या अकराजणांनाच तेवढा बाजार असतो व्हय?" ते शेवटी म्हणाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी वस्तीकडे निघाले. वाटेत ओढ्याकाठी एक मळा होता. त्याच्यापलीकडे पोरं दप्तरं घेऊन उभी दिसली. मी पुढं झाले, तोच मळ्यातून एक भलाथोरला काळा कुत्रा भुंकत आला. मी जागीच उभी राहिले. अलीकडे मी, पलीकडे पोरं, मध्ये तो.

"बाई, पळू नका!" तिसरीतली एक मुलगी पलीकडून ओरडली. "बाजाराला जाताना मालक त्याला सोडून जात्यात. बाकीच्या दिवशी बांधल्यालं असतंय."

"मग घरी नाही सांगितलं?"

"सांगितलं की. आई म्हनली, कुत्रा सुटा दिसला तर माघारी ये, खुरपायला चल."

आरडाओरडा ऐकून मळेकरीण बाहेर आली.

"आवं बाई, त्यो काय करीत न्हाई. निस्ता भुकतोय."

"मावशी, मला ते माहीत नव्हतं. या पोरांनाही नाही. दर बाजाराला शाळा बुडते त्यांची."

तिनं कपाळाला हात लावला. "आगं बया! मला कुनी बोललंच न्हाई." तिनं कुत्रा बांधला आणि पोरं यायच्या-जायच्या वेळेला दर बाजारी बांधून ठेवायचं कबूल केलं. त्या दिवशी अकराच्या अकरा पोरं माझ्यामागून वर्गात शिरली. मला तर मिरवणूक घेऊन आल्यासारखंच वाटत होतं.

तालुक्याच्या कागदावर हेडमास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'कारण : कुत्रा. उपाय केला आहे.' माझ्या नावाचा उल्लेखही आठवणीनं केला.

त्यानंतर त्यांना पट्ट्यांचा नादच लागला. "बाई, तिसरीला पाढे का येत नाहीत, तेवढं काढा बघू," असं म्हणत ते कातर घेऊन बसले. आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी पट्ट्या सतरा तऱ्हांनी लावल्या. न येणाऱ्या पाढ्यांच्या फुल्या काही केल्या गोळा होईनात. चौथ्या दिवशी त्यांनी पट्ट्या गुंडाळून ठेवल्या आणि तिसरीचा वर्ग स्वतः घ्यायला सुरुवात केली.