सोलची मासेवाली

आत्याला कोरियन मालिकांचं वेड मीच लावलं. दुपारी अंगणात बोंबील वाळत असायचे आणि आम्ही दोघी मोबाईल माठाला टेकवून हिंदीत डब केलेलं सोल शहर बघायचो. पालघरच्या वाचनालयातून मी तिकडच्या कादंबऱ्यांचे अनुवादही आणायचे. मालिका असो की कादंबरी, शहर तेच: क्रेन, काचेचे मनोरे आणि मनोऱ्यासाठी पाडलेला बाजार. पाडायला काळ्या कपड्यांतले गुंड यायचे. मारामारी इतकी देखणी, की मी ती मागे नेऊन पुन्हा बघायचे.

आत्या मात्र एका मालिकेतल्या म्हाताऱ्या मासेवालीवर खवळायची. गुंड टोपल्या लाथाडायचे आणि ती गुडघे टेकून हात जोडायची.

"कोयता हाताशी हाय नि रडते काय? हाण की!"

मग बोईसरच्या आमच्या मासळीबाजाराच्या जागी टॉवर ठरला. बिल्डरची माणसं सकाळी सळया घेऊन आली. पहिला ओटा फुटला तशा बायका टोपल्या उचलून पळाल्या. आत्या आपल्या ओट्यावरून हलेना. मी तिचा दंड धरून ओढत होते.

"भवानी नाय झाली अजून," ती म्हणाली. पहिली विक्री होईपर्यंत उठायचं नाही, उठलं की जागा जाते, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं.

एकानं तिची टोपली लाथेनं उडवली. तिनं कोयता त्याच्या पोटरीवर हाणला. तो किंचाळला. दुसऱ्यानं सळई तिच्या मनगटावर घातली, आणि हाड मोडल्यावर पुन्हा घातली. मी तिच्या अंगावर पडले तेव्हा एक फटका माझ्या पाठीत बसला. संगीत नव्हतं, धावून येणारा नायक नव्हता. सोलमधल्या त्या देखण्या मारामाऱ्यांची मला तिथेच शिसारी आली.

आता आत्याची मूठ वळत नाही. बाजार पत्र्यांच्या कुंपणाआड गेलाय. मासेवालीच्या त्या मालिकेचा शेवटचा भाग तिनं हट्टानं लावायला लावला. मनोरा झगमगत होता, नायक-नायिका खाली कॉफी पीत होते.

"ती मासेवाली कुठं बसते आता?"

"दाखवलं नाही, आत्या." कादंबऱ्यांतही मी शोधलं होतं. बाजार पडला की पुढच्या पानावर थेट मनोराच.

"मागं ने."

मी मागे नेलं, बाजार पाडतात त्या भागापर्यंत. म्हातारी गुडघे टेकून होती, गुंड येत होते. आत्यानं मोडका हात पडद्यावर ठेवला.

"बस गो बाय," ती म्हणाली. "उठू नको."