इब्रीच्या कॅम्पातला ओपन-क्लोज

नोकरीतली कुठली केस सगळ्यात जास्त लक्षात राहिली, असं लोक विचारतात तेव्हा त्यांना खून नाहीतर दरोडा ऐकायचा असतो. ते दोन्ही मी पोटभर पाहिले. पण मनात घर करून बसली आहे ती ओमानमधली एक घटना. तिचा ना कुठे गुन्हा नोंदला गेला, ना पंचनामा झाला. तरी डोळे मिटले की ती पाण्याची टाकी आणि तिच्यामागे उभा असलेला तो माणूस अजून दिसतो.

ठाणे जिल्ह्यातून वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि घरी बसलो. फार दिवस जमलं नाही. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आता दूधवाल्याचाही जबाब घ्यायला लागलात. कुठेतरी नोकरी बघा." ओळखीतून एका बांधकाम कंपनीत कॅम्पचा सुरक्षाप्रमुख म्हणून काम मिळालं. गाव इब्री, म्हणजे गावाबाहेरचं माळरान. २०१० नंतरची ही गोष्ट.

कॅम्प म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, एक मेस, एक छोटी मशीद, आणि दिवसभर घरघरणारे एसी. मी तिथे ठाण्याचीच शिस्त लावली. गेटवर आवक-जावक नोंद, पहाऱ्याच्या पाळ्या, संध्याकाळची गस्त. माझ्या केबिनला पोरं 'चौकी' म्हणू लागली, आणि मला ते मनातून आवडायचं. शुक्रवारी सुट्टी. रत्नागिरीकडचे मुसलमान कामगार बिर्याणी करायचे, आमचे कोकणातले हिंदू बांधव सोलकढी करायचे, आणि दोन्हीकडून माझ्या केबिनला ताट यायचं. इतका मान मला खाकी वर्दीत मिळाला नव्हता.

नावं मी कुणाचीच घेणार नाही. खबर दिली ती मुकादमाने. चिपळूणकडचा, पन्नाशीचा, कामाला वाघ आणि बोलायला एकदम तुटक. एका संध्याकाळी केबिनमध्ये आला आणि दार लावून घेतलं.

"साहेब, एक सांगायचा हाय. पण माझा नाव पुढं नको."

"बसा. चहा घ्या."

बसला नाही. "कॅम्पात मटका चालतो."

मी कान टवकारले. "कोण चालवतो?"

"चालवतो कोण म्हायत नाय. खेळतो आपला एसीवाला. माझ्या आत्याचा पोर."

हा एसीवाला म्हणजे आमच्या कॅम्पचा एसी मेकॅनिक. तिशी ओलांडलेला, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी विचारलं, "कशावरून म्हणता?"

"कामावरना आला का टाकीमागं जातो नि फोनात बोलतो. काल मी माझ्या कानांनी ऐकला. 'सिंगल लागला, डबल लागला, ट्रिपल पण लागला. क्लोज फुटला. आज ओपन बदलूया.' साहेब, आता तुमाला काय सांगू?"

मला सांगायची गरजच नव्हती. ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो: मटक्यात दिवसाचा पहिला आकडा म्हणजे ओपन, नंतरचा क्लोज. तीन आकड्यांची पत्ती सिंगल, डबल किंवा ट्रिपल असते. आकडा जाहीर झाला की फुटला म्हणतात. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं मटक्याच्या धाडी घालण्यातच गेली होती. मुकादमाने ऐकलेलं वाक्य कोर्टात ठेवलं असतं तर वकिलालाही तोंड उघडता आलं नसतं.

"तुमच्या सख्ख्या आत्याचा मुलगा," मी म्हणालो, "आणि त्याचीच खबर देताय?"

मुकादम आता खुर्चीवर बसला. "त्याच्या थोरल्या भावाला याच आकड्यांनी खाल्ला. काजूची बाग गेली, आत्याच्या बांगड्या गेल्या. मग बोटीवर खलाशी म्हणून गेला तो गेला. जिता हाय का मेला, पत्ता नाय. याला घरी धाडा साहेब. आत्या रडेल, पण डोळ्यासमोरच्या पोराला बघून रडेल."

असा खबरी मी आयुष्यात पाहिला नव्हता. बक्षिसासाठी खबर देणारे पाहिले, सूड म्हणून देणारे तर रोजच पाहिले. हा माणूस आपल्याच घरातल्या पोराला वाचवायला पोलिसाकडे आला होता.

माझं काम होतं वर कळवणं. ॲडमिन मॅनेजर केरळचे, सज्जन पण भित्रे. जुगाराचं नाव ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या देशात जुगार म्हणजे सरळ तुरुंग, आणि कंपनीच्या नावाला बट्टा वेगळाच. ते हिंदीत म्हणाले, "साब, पुलिस केस नहीं चाहिए. व्हिसा कॅन्सल, टिकट निकालो, खलास." व्हिसा रद्द होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा त्या देशात काम मिळणं महाकठीण. घरात कमावणारा तो एकटा. मी त्यांच्याकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली.

एसीवाल्याला केबिनमध्ये बोलावलं. पंखा बंद केला नाही, खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली नाही, आवाजही चढवला नाही. ओरडून मिळालेला जबाब कोर्टात टिकत नाही आणि मनातही टिकत नाही.

"मटका खेळतोस?"

"नाही साहेब."

"मग ओपन, क्लोज, ट्रिपल हे काय असतं?"

त्याने दाराकडे बघितलं.

"रोज फोनवर कुणाशी बोलतोस?"

त्याने खाली बघितलं, एसीच्या तेलकट धुळीने काळवंडलेली बोटं एकमेकांत गुंतवली. शेवटी म्हणाला, "साहेब, मला घरी पाठवा. चालेल. पण ते विचारू नका."

इथे मी अडखळलो. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा स्वतःला वाचवायला बसतो. समोर नोकरी जाताना दिसतेय आणि तरी तोंडाला कुलूप, म्हणजे हा दुसऱ्या कुणाला तरी वाचवत होता. मला आधी वाटलं, बुकीला. पण बुकीसाठी कुणी असे डोळे भरून आणत नाही. फोन हिसकावून घ्यायचा मोह झाला. घेतला नाही. त्याला जाऊ दिलं आणि जुन्या पद्धतीने पाळत ठेवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलायच्या वेळेला मी टाकीच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. टँकर नुकताच पाणी भरून गेला होता, खालची माती ओली होती. तो आला, फोन तोंडाजवळ धरून व्हॉइस मेसेज बोलू लागला.

"ऐक. काल आपला पिचर सात इनिंग मस्त चालला, पण त्यांच्या क्लोजने घाण केली, जिंकलेली मॅच फुटली. आज त्या टीमचा पिचर घेऊ नको. आता तर क्लोज जखमी आहे, खांदा धरलाय त्याचा. आणि ओपनला तो डावखुरा घे, समोर उजव्या हाताचा पिचर आहे."

मी जागच्या जागी थांबलो. एवढ्या धाडी घातल्या, एवढे आकडे ऐकले. आकड्याचा खांदा कधी दुखत नाही.

"कोण जखमी झालंय रे?" मी पुढे होऊन विचारलं.

तो एवढा दचकला की फोन चिखलात पडता पडता राहिला. मग टाकीच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. बेसबॉल! अमेरिकेतल्या खऱ्या मॅचेस. रोज नवा संघ निवडायचा. प्रत्येक खेळाडूला खोटी किंमत, एकूण खर्चाला मर्यादा, त्यात पिचर, म्हणजे त्यांचे गोलंदाज, आणि फलंदाज बसवायचे. खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. फलंदाज मैदानातल्या पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे एक बेस, पोचला तर सिंगल, मग डबल, ट्रिपल. शेवटी सामना संपवायला येणारा पिचर म्हणजे क्लोजर, त्याचं यांनी क्लोज केलं होतं. फलंदाजीला पहिला उतरणारा तो ओपन, क्रिकेटच्या सवयीने. हे दोघे फक्त फुकटातला खेळ खेळत. ना पैसा लावायचा, ना मिळायचा.

"दोघे म्हणजे कोण?"

आता त्याला रडू आवरेना. "थोरला भाऊ, साहेब."

भाऊ अमेरिकेत बोटीवरून उतरला तो पुन्हा चढलाच नाही. कागदपत्रं नाहीत. कुठल्याशा शहरात स्टेडियमजवळच्या हॉटेलात भांडी घासतो, आणि तिथे दिवसभर टीव्हीवर हाच खेळ. रत्नागिरीच्या एका खलाशाकडून याचा नंबर मिळवून त्याने निरोप पाठवला. अट एकच, घरी कुणाला कळता कामा नये. बाग विकल्याची लाज अजून उतरलेली नव्हती.

"घरचं काही बोलायला गेलो की दोन-दोन दिवस उत्तर देत नाही," एसीवाला म्हणाला. "आईचं नाव काढलं की फोन बंद. पण टीम लावूया म्हटलं की बोलतो. अर्धा अर्धा तास बोलतो. मी कधी बेसबॉल बघितला नव्हता साहेब. शिकलो."

मी त्याच्या शेजारी ओल्या कट्ट्यावर बसलो आणि भावाचं कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. म्हणालो, "आता मला शिकव."

पुढचे काही दिवस माझी संध्याकाळची गस्त टाकीपाशीच संपू लागली. त्याने मला दाखवलं, डोंगरावरच्या एका शहरात हवा विरळ, चेंडू लांब जातो, तिथले फलंदाज महाग तरी घ्यायचे. वारा आतल्या बाजूला वाहत असेल तर नाही घ्यायचे. एकाच संघाचे लागोपाठ खेळणारे तीन-चार फलंदाज घेतले तर एकाच्या मागे दुसऱ्यालाही गुण मिळतात. पावसाचं चिन्ह असलं की त्या मैदानाकडे बघायचंसुद्धा नाही. फलंदाजीचा क्रम जाहीर होईपर्यंत हात आवरायचा. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या नाकाबंदीसारखंच आहे, माणसं मोजकी आणि जागा भरपूर. माझा कल नावाजलेल्या पिचरकडे जायचा आणि तो हसून म्हणायचा, "साहेब, तुम्ही नाव बघून घेता. वारा बघा."

मॅनेजरपुढे मी तोंडी अहवाल दिला. एसीवाल्याने त्यांच्या देखत संघ लावून दाखवला, किंमत खोटी, प्रवेश फुकट. "किसके साथ खेलता है?" या प्रश्नावर मी मध्ये पडलो आणि म्हणालो, "जामीन मैं हूँ." मॅनेजरांनी कपाळावरचा घाम पुसला. व्हिसा वाचला. भाऊ कागदपत्रांशिवाय अमेरिकेत राहतो हे माझ्या पोलिसी मनाला टोचलं, नाही असं नाही. पण अमेरिकेची हद्द माझ्याकडे नव्हती आणि दिलेला शब्द माझ्याकडे होता.

राहिला मुकादम. त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मटका नाही. अमेरिकेतल्या चेंडूफळीसारखा खेळ आहे. पैसा नाही. तुमचं पोर स्वच्छ आहे."

त्याने सुटकेचा श्वास टाकला. मग विचारलं, "खेळतो कुणासंगती?"

"ते विचारू नका."

मुकादम मनात जुळवाजुळव करू लागला. अमेरिका, खलाशी, न सांगायचं नाव. ज्या माणसाने आयुष्यभर लोखंड वाकवलं त्याला एवढं जोडायला किती वेळ लागणार? त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"जिता हाय ना तो?" त्याने हळूच विचारलं.

मी शब्दाला बांधलेलो होतो. हो म्हणालो नाही, मानही हलवली नाही. फक्त त्याच्यासाठी आणखी एक चहा मागवला. त्याला कळलं. तो चहा पिऊन उठला आणि दारात थांबून म्हणाला, "मी गावात बोलणार नाय. त्याला वाटेल तवा तोच बोलेल." आणि खरंच, पुढे मी तिथे होतो तोवर ही गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडली नाही. फक्त संध्याकाळी एसीवाला टाकीकडे निघाला की मुकादम दुसऱ्या पोरांना काहीतरी काम सांगून तिथून लांब न्यायचा. एवढंच.

बेसबॉलचा हंगाम सरत आला. एका सकाळी एसीवाला कामाला न जाता माझ्या केबिनमध्ये आला. मला वाटलं, पुन्हा काही भानगड. त्याने काही न बोलता फोन माझ्या कानाला लावला. पहिल्यांदाच मी त्या भावाचा आवाज ऐकत होतो. घोगरा, थकलेला. आधी संघाची नेहमीची चर्चा, कोणाला काढायचं, कोणाला ठेवायचं. मग बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मला वाटलं, मेसेज संपला. आणि मग, "आई कशी हाय?"

आम्ही दोघांनी तो मेसेज पुन्हा पहिल्यापासून ऐकला. मी एवढा मोठा माणूस, पण रुमाल शोधावा लागला. खरंच सांगतो, लाज वाटली नाही.

नोकरीत मी माणसांना बोलतं करण्यात आयुष्य घालवलं. प्रश्न कसा फिरवायचा, गप्प कधी बसायचं, हे सगळं मला येत होतं. या केसने शिकवलं ते वेगळंच. लाजेने पळालेल्या माणसाला थेट विचारलं तर तो आणखी लांब जातो. त्याला जे बोलता येतं तेच बोलत बसायचं, मग ते परक्या देशातल्या पिचरच्या खांद्याबद्दल का असेना. मूळ प्रश्न तो स्वतःच विचारतो. आज नातवाशी माझं फारसं जमत नाही. त्याचं मराठी अडखळतं आणि माझं इंग्रजी. परवा त्याच्या मोबाइलवर कसलासा खेळ चालू होता. मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "मला शिकव."